बारची ग्रिप जाड करायचीय, घरच्या सामानात काय जमेल?

कुंडलचा_गडी

राम राम मंडळी. मी कुंडलचा. कुस्तीत 74 किलोत खेळतो, सकाळी तालीम आणि संध्याकाळी पलूसला जिम. दुखणं एकच आहे. समोरच्याचं मनगट धरलं की त्यानं दोन हिसके मारले की हातातून सुटतं. ताकद कमी म्हणावी तर डेडलिफ्टला (जमिनीवरनं बार उचलून उभं राहायचं) 130 किलो उचलतोय. वस्तादांनी परवा सगळ्यांसमोर सुनावलं, "पाठ बैलाची आणि बोटं कारकुनाची." पोरं अजून हसतायत.

कुठंतरी वाचलं की बार जाड केला की पकड वाढते. बाहेरच्या रबरी ग्रिपा महाग आहेत. जिममधल्या एकानं ऑनलाइन स्वस्तातल्या मागवल्या, तर आत नुसता स्पंज. वजन घेतलं की दबून बार होता तेवढाच बारीक लागतो.

आमची द्राक्षबाग आहे, त्यामुळं घरामागं सामानाला तोटा नाही. पीव्हीसीचे तुकडे, ठिबकच्या नळ्या, फ्लॅट पाइप, ट्रॅक्टरचे जुने होज, सायकलच्या ट्यूबा, सगळं पडलंय. ह्यातनं काही करता येईल का? जाडी किती ठेवायची आणि कुठल्या व्यायामाला वापरायचं तेही सांगा. एक अट आहे. जिमवाले बारला काही चिकटवू देत नाहीत, त्यामुळं काढता-घालता आलं पाहिजे.

तासगाव_बेदाणा

पंचा गुंडाळ की लेका बारला. फुकटात काम. आणि पुलअपच्या दांड्यावरनं पंचा टाकून त्याची दोन टोकं धरून लटक. मग कळेल बोटं कुणाची आहेत ते.

लेथवाला_मिरज

पंचाला लटकायचं ते बरोबर आहे, ते कर. पण बारला पंचा गुंडाळू नको. एकतर तो दबतो, आणि घाम लागला की आतल्या आत सरकतो.

मी कुपवाड एमआयडीसीत लेथवर आहे. दिवसभर मापाशीच संबंध येतो, म्हणून आधी मापाचं बोलतो. लोक "जाड, जाड" करतात, पण किती ते कुणी बोलत नाही.

स्पर्धेतल्या वेटलिफ्टिंगच्या बारचा दांडा पुरुषांसाठी 28 मिमी आणि बायकांसाठी 25 मिमी असतो. आपल्याकडं जिममध्ये जो येईल तो बार असतो, 30-32 चेही सापडतात. तुझा आधी मोज. व्हर्नियर नसेल तर बारभोवती दोऱ्याचा एक वेढा घे, लांबी मोज, 3.14 ने भाग. आता तोच दोरा तालमीतल्या जोडीदाराच्या मनगटाला लाव. चांगल्या गड्याचं मनगट 18 सेंटीमीटरच्या आसपास भरतं. भागाकार केलास तर 57 मिमी येतात. म्हणजे तू रोज 28 वर पकड कमावतोयस आणि कुस्तीत धरतोयस 57. बाहेरच्या ज्या नावाजलेल्या रबरी ग्रिपा आहेत त्यांची जाडीही सव्वादोन इंच, म्हणजे 57 मिमीच आहे.

फरक कशानं पडतो तेही बघ. बारीक दांड्यावर बोटं पूर्ण वळतात आणि अंगठा बोटांवर येऊन बसतो. तिथं कुलूप लागतं. ते लागलं की बरंचसं वजन नुसतं अडकून राहतं, दाबायला कमी लागतं. 50 मिमीवर अंगठा आणि बोटं एकमेकांना पोचतच नाहीत. कुलूप गेलं, आता जेवढं दाबशील तेवढंच राहणार. आणि बोटं मिटवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच, ते कोपर आणि मनगटाच्या मधे असतात. तिथनं कंडरा मनगटातून बोटांपर्यंत जातात. मूठ आवळून दुसऱ्या हातानं कोपराखाली दाबून बघ, तिथं हलताना लागेल. म्हणून जाड बारनं आधी तोच भाग भरून येतो.

आता सामान. कुठलीही वस्तू घेतलीस तरी दोन गोष्टी तपास. दाबली तर बसायला नको आणि पिळली तर बारवर फिरायला नको. स्पंज पहिल्यातच नापास. एसीच्या तांब्याच्या नळीवर काळं फोम असतं, ते बरेच जण सुचवतात, तेही तसंच. नुसता पीव्हीसी दुसऱ्यात नापास, कारण तो बारवर गरागरा फिरतो. सायकलची ट्यूब दोन्हीत पास होते, पण नुसत्या ट्यूबनं 28 चे 50 करायचे तर सगळीकडून 11 मिमी चढवायला लागतील. चपटी ट्यूब न चिरता गुंडाळली तर एक पदर साधारण 2 मिमीचा. म्हणजे पाच-सहा पदर, आणि एवढं रबर एकावर एक आलं की तेही आतनं लुसलुशीत होतं. म्हणून दोन्ही एकत्र करायचं.

शेतीच्या पीव्हीसी पाइपवर जो आकडा असतो तो बाहेरचा व्यास असतो. 40 चा पाइप बाहेरून 40, 50 चा 50, 63 चा 63. आतलं भोक पाइप किती किलो दाबाचा आहे त्यावर, कारण दाब वाढला की भिंत जाड होते. 4 किलोवाला घेऊ नको, हातात चेपतो. 6 किंवा 10 किलोचा 40 मिमीचा तुकडा घे. लांबी 13 सेंटीमीटर ठेव, तळहात मावून दोन्हीकडं थोडा राहतो. हॅकसॉनं एका बाजूनं उभा चीर, आरपार नाही, एकच चीर. ती बारवर उघडून बसायला हवी, पण गार पाइप ताणलास तर तडकतो. म्हणून उकळत्या पाण्यात धर, पीव्हीसी 80 अंशाच्या आसपास मऊ व्हायला लागतो. पक्कड आणि जाड हातमोजे घे, बारवर चढव, गार होईपर्यंत दाबून धर. शेतात आपण सॉकेट पाडताना जाळावर पाइप फिरवतो, तसं इथं करू नको. जरा जास्त तापला की पीव्हीसीतून हायड्रोक्लोरिक ॲसिडचा धूर निघतो, तो छातीत घ्यायचा नसतो. उकळतं पाणी पुरेसं आहे.

त्याच्या आत, बारला लागून, ट्यूबचे दोन पदर. 28 चा बार आणि 36 च्या आसपासचं भोक असेल तर दोन पदरांत तंग बसतं. तंग म्हणजे दोन हातांनी पिळूनही हलायला नको. मग बाहेरून ट्यूबचे दोन-तीन पदर आडवे ताणून, आणि शेवटी कापडी टेप. झाले 50. काढायचं असेल तेव्हा टेप सोडवायची, चीर उघडायची. बारला डिंक लागत नाही, जिमवाल्यांची तक्रार नाही.

ह्याहून सोपं तुझ्याकडंच पडलंय, ट्रॅक्टरच्या रेडिएटरचा होज. जाड रबर, आत दोऱ्याचं कापड, दबत नाही आणि धातूला चिकटून बसतो. मॉडेलप्रमाणं माप बदलतं, म्हणून आतलं भोक आणि बाहेरची जाडी दोन्ही मोजून घे. 45 ते 50 च्या मधे भरला तर चीर पाडून, आत ट्यूबचा पदर देऊन सरळ चढव. फक्त कूलंटचा तेलकटपणा कपडे धुवायच्या सोड्यानं घासून काढ. नाहीतर पहिल्याच सेटला बार पायावर. ठिबकच्या नळ्या आणि फ्लॅट पाइप तसेच राहू देत, ह्या कामाचे नाहीत.

आता हौस असेल तर पुढचं. फ्रान्समध्ये लुई युनी नावाचा पहिलवान होता, खेळ करताना अपोलोन म्हणवून घ्यायचा. त्याच्याकडं रेल्वेची दोन चाकं आणि त्यांचा आस होता. वजन 366 पौंड, म्हणजे 166 किलो, आणि आसाची जाडी 49 मिमीच्या आसपास. ते डोक्यावर घेणारे पुढं मोजकेच निघाले. 1930 मध्ये शार्ल रिगुलो, 1949 मध्ये जॉन डेव्हिस, 1954 मध्ये नॉर्बर्ट शेमान्स्की. आणि दीड इंची जीआय पाइप बाहेरून किती? 48.3 मिमी. (जीआयचा आकडा पीव्हीसीसारखा बाहेरचा नसतो, एवढं ध्यानात ठेव. दोन इंची घेतलास तर 60.3 भरतो.) जिममधल्या मोठ्या भोकाच्या प्लेटा 50 मिमीच्या असतात, त्या दीड इंचीवर अलगद बसतात. म्हणजे बोअरच्या मोटारीचा जुना दीड इंची कॉलम पाइप घरी असेल तर त्याची आटे पडलेली टोकं कापून टाक, सात फूट ठेव, झाला अपोलोनचा आस. लाल पट्ट्याचा म्हणजे हेवी मिळाला तर उत्तम, निळ्या पट्ट्याचा मीडियमही चालतो. आतनं गंजून पापुद्रे सुटलेला असेल तर मात्र भंगारातच घाल. प्लेटा सरकू नयेत म्हणून दोन्हीकडं होज क्लिपा आवळ, स्प्रिंगच्या कॉलरवर ह्या मापाला भरवसा नाही. आणि वरून आपटायचा नाही, तो पोकळ आहे.

अजिंक्यताऱ्याखालची

साताऱ्यातून. मी वेटलिफ्टिंग करते, हात लहान आहे, म्हणून लेथवाले दादांच्या 50 बद्दल थोडं बोलते. माप जोडीदाराच्या मनगटाचं नको, आधी स्वतःच्या हाताचं घ्या. दांडा धरल्यावर अंगठा आणि मधल्या बोटाच्या टोकांत दोन बोटांपेक्षा जास्त अंतर राहत असेल तर तो दांडा सध्या तुमचा नाही. माझ्या 25 च्या बारला नुसता 40 चा पाइप आणि आत ट्यूब, एवढ्यातच हात थरथरतात. वर काही गुंडाळत नाही.

कुठं वापरायचं ते कुणी सांगितलं नाही. ओढायच्या व्यायामाला वापरा. डेडलिफ्ट, रोइंग, बार धरून नुसतं उभं राहणं, डंबेल घेऊन चालणं. हात सुटला तर वजन जमिनीवर पडतं, बाकी काही होत नाही. बेंच प्रेस, खांद्यावरचा प्रेस, स्नॅच, क्लीन ह्यांना चीर पाडलेली ग्रिप अजिबात नको. डोक्यावर असताना ती अर्धा फेरा फिरली तर संपलं. दादा, तुमच्या अपोलोननं डोक्यावर घेतला असेल, ह्याला नका सांगू.

आणि जड सेट आधी साध्या बारवर करा, शेवटी दोन-तीन सेट जाडवर. उलटं केलंत तर हात थकतात आणि पाठीला काहीच मिळत नाही. आठवड्यातून दोनदा बास. स्नायू लवकर तयार होतो, कंडरेला वेळ लागतो. कोपराच्या आतल्या हाडाशी, जिथं आपटलं की मुंग्या येतात त्याच्या पुढं, सकाळी चहाचा कप उचलताना दुखायला लागलं तर थांबा. "होईल कमी" म्हणून ओढत बसलात तर महिने जातात.

बोटं उघडायचाही व्यायाम करा. सगळे मिटवायचाच करतात. बादलीत शाळू भरा, मनगटापर्यंत हात घाला आणि आत मूठ उघडा. मिटायला सोपं जातं, उघडताना घाम फुटतो.

कराडचा_मातीवाला

सगळं वाचलं. मी गोळेश्वरच्या शेजारचा, खाशाबांच्या गावाशेजारचा. आमच्या वेळी मिलिमीटर नव्हते.

लेकरा, तुझा वस्ताद बरोबर बोलला, पण औषध त्याच्याकडंच आहे ते त्यानं सांगितलं नाही. कुस्तीच्या मातीचा हौदा कोण खणतं तुमच्या तालमीत? नवीन पोरांना लावत असाल तर तू लागायचं. फावड्यानं माती उकरून, उलटी करून, पुन्हा सारखी करायची. दांडा घामानं आणि तेलानं निसरडा होतो, तो आवळून धरताना जे काम होतं ते पाइपनं व्हायचं नाही. मग दोर. सुती जाड दोर, पाय न लावता वर आणि हातावर हात ठेवत खाली. उतरताना घसरायचं नाही. चढायला कुणीही चढतं, पकड उतरताना होते. मल्लखांब असेल तर त्याच्या मानेला नुसता लोंबकळ, लाकूड तेलानं चोपडलेलं असतं, ते काय ते तुझं तू बघशील.

आणि मनगट सुटतं म्हणतोस, तर मनगटावरच मेहनत कर. जोडीदाराला अंगाला तेल लावून उभा कर. त्यानं सोडवायचं, तू धरायचं. नुसतं तेवढंच. डाव नाही, पट नाही, ढाक नाही. बार हिसका मारत नाही लेकरा, माणूस मारतो. तोही नेमका अंगठ्याच्या बाजूनं मारतो, कारण मूठ तिथं उघडी असते.

घरी युरियाचं पोतं असेलच. हल्ली 45 किलोचं येतं, आधी 50 चं होतं. कान धरून उचलू नको, मधनंच चिमटीत मुठीनं गोळा करून धर आणि बागेच्या एका टोकापासनं दुसऱ्या टोकापर्यंत ने. दोन हातात दोन. पोतं हातात सरकतं, आत खत हलतं, बोटांना क्षणभर सुट्टी नाही. (पावसाळ्यात नको, पोतं फाटलं तर घरचे तुला फाडतील.)

पाइप करायचाच असेल तर कर. वाईट नाही. पण ते मेहनतीच्या वरचं आहे, मेहनतीच्या जागी नाही.

लेथवाला_मिरज

काकांनी हिसक्याचं सांगितलं ते लाखातलं. बार नुसता खाली ओढतो, सरळ. ताई म्हणतात तेही मान्य, अपोलोनला गाडीत घालून परत पाठवतो.

फक्त एक. दोर आणि हौद्याला वजन मोजता येत नाही. जाड बारवर ह्या आठवड्यात 70, पुढच्या महिन्यात 75, हे दिसतं. पोराला 130 ची सवय आहे, जाडवर 130 लावायला जाईल आणि चिडेल. निम्म्यानं सुरू कर रे.

कुंडलचा_गडी

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काका, हौद्याचं वस्तादांना सांगितलं. ते म्हणाले, "मी काय वेगळं म्हणत होतो?" आता फावडं माझ्याकडं आहे.

होज तपासला. एक आतनं फार मोठा निघाला, दुसरा फुगलेला. म्हणून पाइपच केला. बार 29 भरला, 40 चा 6 किलोवाला पाइप, आत ट्यूबचे दोन पदर. वरून ट्यूब आणि टेप धरून 48 आलं. 60 किलोवर डेडलिफ्टला हात दहा सेकंदात उघडला, खरंच सांगतो, जिममधले बघत होते. मजा आली.

दोन अडचणी आहेत. एक, जोरात आवळलं की चीर मिटते आणि तळहाताची कातडी तिच्यात चिमटली जाते. टेप असूनही. दुसरी, उजव्या हाताची ग्रिप फिरत नाही, डावी थोडी फिरते. दोन्ही सारख्याच केल्या होत्या.

लेथवाला_मिरज

चीर मिटते कारण तू हॅकसॉच्या पात्याएवढीच ठेवलीस. दोन्ही कडा कानसीनं घासून फट 4 मिमीपर्यंत रुंद कर, कडा पॉलिश पेपरनं गोल कर. मग ट्यूबची तेवढीच रुंद पट्टी कापून त्या फटीत बसव, म्हणजे मिटायला जागाच राहत नाही. त्यावर ट्यूब, त्यावर टेप. आणि बार धरताना चीर बोटांच्या टोकाखाली किंवा तळव्यात येऊ देऊ नको, अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधल्या खोबणीसमोर ठेव. तिथं दाब कमी असतो.

डावी फिरते ते ट्यूबच्या दिशेमुळं असणार. दोन्हीकडं एकाच बाजूनं गुंडाळलंस ना? डेडलिफ्टमध्ये दोन्ही तळवे स्वतःकडं असतील तर दोन्ही ग्रिपा एकाच दिशेला पिळल्या जातात. पण तू एक हात उलटा धरत असशील, तर त्या हाताचा पीळ उलट पडतो आणि आतला पदर सुटत जातो. दोन्ही तळवे स्वतःकडं ठेव, जाड बारवर उलटा हात धरायचाच नाही. त्यानं पकड चोरली जाते आणि दंडाच्या पुढच्या बाजूला ताण येतो तो वेगळाच. तरीही फिरली तर आतले पदर काढून बार कोरड्या फडक्यानं पूस. जिमच्या बारवर लोकांच्या हाताचं तेल आणि पावडर बसलेली असते, रबर त्यावर धरत नाही.

63 च्या पाइपचा तुकडा दिसला तर आत्ताच कापायला घेऊ नको. 48 वर तुझं साध्या बारच्या निम्म्याहून बरंच वर जाऊ दे, मग 50 चा पाइप, मग बघू. सुट्टीदिवशी कुपवाडला आलास तर बाभळीचा दांडा लेथवर फिरवून देतो, लाकूड तू आण. वाळलेलं आण, ओलं नको, फिरवताना चिरफळतं.